ऑक्सिन ‘शेंड्यात’ तयार होतं म्हणजे नेमकं कुठे? आणि शेंडा मारताना किती मारायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाढीची संप्रेरकं कोवळ्या फुटीच्या शेंड्यात तयार होतात असं पुस्तकात लिहिलंय, पण शेंड्यात म्हणजे नेमकी कुठे? द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर कुणी नुसतं टोक चिमटतो, कुणी दोन-तीन पानांसकट शेंडा मोडतो, आणि बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी, दोघांच्या बागेत सारख्या येत नाहीत. याचा संप्रेरकांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगलाच आहे. मी द्राक्षात काम करतो म्हणून उदाहरणं द्राक्षाचीच येतील, पण तूर, टोमॅटो, गुलाब, शेवंती, कुठेही मूळ गोष्ट बदलत नाही.

आधी उत्तर देऊन टाकतो. ऑक्सिन, म्हणजे मुख्यतः इंडोल ॲसेटिक ॲसिड किंवा आयएए, कोवळ्या फुटीत सर्वांत जास्त तयार होतं ते टोकाभोवती मिटून बसलेल्या आणि नुकत्याच उलगडू लागलेल्या पानांत. टोकावरचा जो खरा वाढबिंदू असतो, त्याचा स्वतःचा वाटा त्यामानाने लहान. जिबरेलिन, म्हणजे आपलं जीए, याच कोवळ्या पानांत आणि त्यांच्या खालच्या, अजून लांबत असलेल्या पेरांत तयार होतं. सायटोकायनिन या तिसऱ्या संप्रेरकाचा, जे कळ्यांना फुटायला लावतं, मोठा भाग मुळांच्या टोकांकडून वर येतो; थोडं वाढबिंदूत बनतं, आणि शेंडा गेला की खोडावर डोळ्याजवळही (पानाच्या बगलेतल्या कळीजवळ) बनायला लागतं. म्हणजे ‘शेंड्यात’ हे चूक नाही, फक्त फार मोघम आहे. आणि शेंडा मारणाऱ्याला मोघम उत्तराचा उपयोग नसतो, कारण त्याची चिमट कुठे बसते यावर पुढचं सगळं ठरतं.

एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. सात-आठ पानांची जोमदार फूट निवडून तिचा शेंडा खुडा, लगेच सावलीत न्या, नाहीतर पाच मिनिटांत मलूल होतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि शिवणाची सुई एवढंच लागतं. सगळ्यात बाहेरचं पान सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं असेल, कडा आत वळलेल्या, खालून पांढरट लव. ते सुईने बाजूला केलं की देठाच्या बुडाशी दोन पातळ उपपर्णं दिसतात आणि पानाच्या बरोबर विरुद्ध बाजूला बाळीचं, म्हणजे वेल आधाराला धरतो त्या ताण्याचं, कोवळं टोक. त्याच्या आत घडी घातलेलं चार-पाच मिलिमीटरचं दुसरं पान. त्याच्याही आत मिलिमीटरभराचं तिसरं, ज्याला पान म्हणायला धीर लागतो. सगळी लवच दिसते. दोन पेरांवर बाळी आणि तिसरं पेर बिनबाळीचं, हा द्राक्षाचा क्रमही इथेच ठरून गेलेला असतो. इथून पुढे भिंग हात टेकतं. आत जो उरतो तो वाढबिंदू: घुमटाच्या आकाराचा पेशींचा पुंजका, रुंदी मिलिमीटरच्या एक-दोन दशांश. म्हणजे आपल्या चिमटीत येणाऱ्या दीड-दोन सेंटिमीटर शेंड्यात घुमट नावापुरता. बाकी सगळी कोवळी पानं, बाळ्या आणि कोवळं खोड. नवीन पानं, नवीन पेरं, नवीन डोळे यांची आखणी घुमट करतो. ऑक्सिनचा पुरवठा मुख्यतः त्याच्या भोवतीच्या पानांचा.

मग ‘शेंड्यात’ हा शब्द पुस्तकात आला कुठून? त्याची गोष्ट जुनी आहे आणि थोडी गमतीची. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये कॅनरी गवताच्या कोंबांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोंबाच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली की कोंब उजेडाकडे वळत नाही. खालचा भाग झाकला तरी वळतो. वळण येतं खाली, पण उजेड कळतो टोकाला. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या बॉयसन-येन्सन यांनी टोक कापून मध्ये जिलेटिनचा तुकडा ठेवला आणि टोक परत बसवलं. कोंब तरीही वळला. म्हणजे टोकाकडून खाली येणारी वस्तू जिलेटिनमधून झिरपू शकते. हंगेरीच्या पाल यांनी कापलेलं टोक अंधारात एका बाजूला सरकवून ठेवलं, तर उजेड नसतानाही कोंब वाकला. शेवटी नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ या काळात ओटच्या कोंबांची टोकं अगारच्या तुकड्यावर ठेवली, टोकं फेकून दिली, आणि नुसता अगारचा तुकडा कापलेल्या कोंबाच्या एका कडेला बसवला. कोंब वाकला, जास्त टोकं ठेवलेल्या अगारने जास्त वाकला. त्या वाकण्याचा कोन मोजून संप्रेरकाचं प्रमाण काढायची पद्धत बसली. आयएए हा त्यामागचा रेणू हे पुढे १९३० च्या दशकात कळलं.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हे सगळे प्रयोग गवतवर्गीय रोपाच्या ज्या कोंबावर झाले, तो कोंब म्हणजे खरा शेंडा नव्हेच. जमिनीतून वर येताना आतल्या पानांना सांभाळणारी ती एक पोकळ म्यान आहे. तिच्या टोकाला वाढबिंदू नसतो. खरा वाढबिंदू तिच्या आत, खाली, बुडाशी असतो. म्यान लांबते ती आधीच बनलेल्या पेशी ताणून. म्हणजे ऑक्सिनचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा अशा टोकातून आला, ज्यात वाढबिंदूच नाही! त्यावरून ‘ऑक्सिन वाढबिंदूत बनतं’ असा अर्थ द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या शेंड्याला चिकटवणं ही उडी आहे. परीक्षेत चालते. बागेत चालत नाही.

पानांकडे बोट दाखवणारा सगळ्यात सोपा पुरावा तुमच्या अंगणातल्या कोलियसवर मिळेल. एका वाढत्या पानाचं पातं कापून टाका, देठ तेवढा फांदीवर ठेवा. आठवड्याभरात तो देठ बोट लावताच गळून पडतो. शेजारच्या देठाच्या कापलेल्या टोकाला ऑक्सिन मिसळलेला लॅनोलिनचा मलम लावला तर तो देठ टिकतो. पातं होतं तोवर त्याच्याकडून देठात ऑक्सिन उतरत होतं आणि गळण्याचा सांधा तयार व्हायला अडवत होतं. पातं गेलं, पुरवठा गेला. शेंड्याला कुणी हातही लावलेला नाही.

थेट मोजमाप बरंच उशिरा झालं. स्वीडनमधल्या उमेओ इथल्या गटाने २००१ मध्ये अरबिडॉप्सिस या छोट्या मोहरीकुळातल्या रोपांना जड हायड्रोजन असलेलं पाणी दिलं आणि कुठल्या भागात ताजं आयएए किती वेगाने बनतं ते पाहिलं. सर्वांत जोरात बनत होतं ते सगळ्यात कोवळ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या पानांत. पान वाढत जातं तसा हा वेग उतरत जातो, पण एकदम शून्य होत नाही. बीजदलं, उलगडणारी पानं, मुळं, सगळ्यांत थोडंफार बनत असतं. म्हणून ‘एकच कारखाना’ ही कल्पना सोडून द्यावी लागते. दुसरं असं की, ऑक्सिनची खाली जाण्याची वाट रसायनाने अडवली की पानांतलं नवं उत्पादनही कमी होतं. माल साठला की पान हात आखडता घेतं.

घुमटाबद्दलचा पुरावा त्याच सुमाराचा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. टोमॅटोचे शेंडे ऑक्सिनची वाहतूक रोखणाऱ्या रसायनावर वाढवले तर घुमट वाढत राहतो, पण पानं काढतच नाही. सुईसारखा बोडका दांडा वर येतो. त्या बोडक्या घुमटाच्या कडेला आयएएचा सूक्ष्म ठिपका लावला की नेमक्या तिथेच पान उगवतं. म्हणजे पान कुठे काढायचं हे ठरवायलाही घुमटाला ऑक्सिन लागतं, आणि ते आधीच्या कोवळ्या पानांच्या बाजूने, वरच्या सालीच्या थरातून त्याच्याकडे सरकत येतं. घुमट घेणारा जास्त, देणारा कमी.

रसायनशास्त्र एका दमात सांगतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून मुख्य वाटेने दोन पायऱ्यांत आयएए तयार होतं. पहिल्या पायरीचं विकर २००८ मध्ये सापडलं, आणि दोन पायऱ्यांची जोडी २०११ मध्ये पक्की झाली. बागायतदाराच्या कामाचं यात एवढंच की जस्ताची कमतरता असली की पानं लहान, पेरं आखूड आणि फूट झुडपासारखी होते. स्कूग यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं की जस्त नसलेल्या झाडांत ऑक्सिन घसरतं. ते ट्रिप्टोफॅन कमी पडल्यामुळे की बनलेलं ऑक्सिन लवकर नष्ट झाल्यामुळे, यावर बराच वाद झाला. चुनखडीच्या जमिनीत, जिथे जस्त अडकून बसतं, तिथे ‘संजीवक कमी पडलंय’ म्हणून बाटली आणण्याआधी पानदेठ परीक्षण करून घ्यावं, असं माझं नेहमीचं सांगणं असतं.

आता वाहतूक, कारण तिच्याशिवाय शेंडा मारण्याचं गणित सुटत नाही. कोवळ्या पानांत बनलेलं ऑक्सिन देठातून खोडात उतरतं आणि तासाला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने वरून खालीच जातं. काडी उलटी धरली तरी दिशा बदलत नाही, बुडाकडेच जातं. यामागची युक्ती सुंदर आहे. पेशीच्या भिंतीतला रस आम्लधर्मी, सामू साडेपाचच्या आसपास. आतला रस सातच्या आसपास. बाहेरच्या आम्लात आयएएचे काही रेणू विद्युतभाराशिवाय असतात, ते पेशीच्या पटलातून सहज आत शिरतात. आत गेल्यावर त्यांच्यावर ऋणभार येतो आणि पटल ओलांडणं बंद होतं; ते आत अडकतात. बाहेर पडायचं तर पिन नावाच्या प्रथिनांच्या दारातूनच, आणि खोडात ही दारं पेशीच्या खालच्या अंगाला बसवलेली असतात. एका पेशीच्या बुडातून दुसरीच्या माथ्यात, असं करत माल खाली उतरतो. डॉगरीज या द्राक्षाच्या खुंटाची काडी लावताना वरचं-खालचं टोक बदललं तर मुळं मूळच्या बुडाकडच्या टोकाला येऊ पाहतात ती याचमुळे. काडी करताना वरचा काप तिरका आणि खालचा सरळ, किंवा उलट, अशी खूण ठेवायची पद्धत निव्वळ शिस्तीसाठी नाही.

जीएचं घर शेजारीच असलं तरी हिशेब वेगळा आहे. कोवळी पानं आणि लांबणारी पेरं जीए बनवतात, पण घुमटात मात्र ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. घुमटातली काही जनुकं जीए बनवणारं विकर दाबून धरतात आणि सायटोकायनिन वाढवतात. म्हणजे मिलिमीटरभराच्या अंतरात आत सायटोकायनिनचं राज्य, बाहेर जीए आणि ऑक्सिनचं. शिवाय ही दोघं स्वतंत्र नाहीत. टास्मानियातल्या संशोधकांनी २००० मध्ये वाटाण्यात दाखवलं की शेंडा कापला तर खालच्या पेरातलं जीए घसरतं, आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं की पुन्हा वर येतं. म्हणून शेंडा मारल्यावर पेर लांबायचं थांबतं ते दुहेरी कारणाने: वरून येणारं ऑक्सिन गेलं, आणि त्याच्या जोरावर पेरातच बनणारं जीएही गेलं.

पानांच्या दाट विस्तारात फूट का पळते (भराभर लांबते), हेही यातच बसतं. पानांतून गाळून आलेल्या उजेडात तांबडा भाग कमी आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा दूर-तांबडा भाग जास्त असतो. पानं तो फरक ओळखतात, जास्त ऑक्सिन बनवतात आणि देठा-खोडाकडे पाठवतात. ट्रिप्टोफॅनकडून सुरू होणाऱ्या वाटेचं पहिलं विकर २००८ मध्ये सापडलं ते सावली ओळखू न शकणाऱ्या रोपांचा पाठलाग करतानाही. मांडवाखाली गच्च झालेल्या बागेत दोन डोळ्यांतलं अंतर वाढलं की ‘नत्र जास्त झालं’ एवढंच म्हणतात. नत्र असतंच, पण सावलीही तेवढीच जबाबदार असते. फुटींची विरळणी वेळेवर केली की पेरं आपोआप आटोक्यात येतात.

आता बगलफूट. द्राक्षात प्रत्येक पानाच्या बगलेत दोन गोष्टी असतात: त्याच हंगामात फुटू शकणारी बगलफुटीची कळी, आणि तिच्या शेजारी पुढच्या छाटणीसाठी झोपलेला मुख्य डोळा, ज्यात घड तयार व्हायचा असतो. शेंडा मारला की फुटते ती पहिली. मुख्य डोळा सहसा शांत राहतो, आणि तो शांत राहावा हीच आपली इच्छा असते.

थिमन आणि स्कूग यांनी १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात, पासाडेनाला, बाकल्यावर दाखवलं की शेंडा कापून तिथे ऑक्सिन लावत राहिलं तर खालच्या कळ्या दबलेल्याच राहतात. त्यावरून सोपा समज झाला की ऑक्सिन खाली जाऊन कळीत शिरतं आणि तिला दाबतं. पण माग काढता येईल अशी खूण केलेलं ऑक्सिन वापरून पाहिल्यावर दिसलं की ते कळीत जवळजवळ जातच नाही. मग दाबतं कसं? आज मान्य असलेलं एक स्पष्टीकरण असं: कळीला वाढायचं तर तिला स्वतःचं ऑक्सिन खोडात सोडता आलं पाहिजे. मुख्य पाट काठोकाठ वाहत असेल तर बाजूच्या चारीचं पाणी त्यात उतरत नाही, तसं शेंड्याकडून आलेल्या ऑक्सिनने खोडाची वाट भरलेली असली की कळीचं ऑक्सिन अडतं आणि तिची खोडाशी जोडणी होत नाही. याशिवाय खोडातलं ऑक्सिन पेराजवळ सायटोकायनिन बनू देत नाही; वाटाण्यात शेंडा कापल्यावर पेराजवळ सायटोकायनिन बनवणारी जनुकं जागी होतात, आणि ते कळीला फुटायला लावतं. उलट बाजूला स्ट्रिगोलॅक्टोन, हे २००८ मध्ये फांद्या रोखणारं संप्रेरक म्हणून ओळखलं गेलं. ते ऑक्सिनच्या जोडीने कळीला अडवतं.

तरीही एक गोष्ट जमत नव्हती. ऑक्सिन तासाला सेंटिमीटरभर उतरतं, मग शेंडा मारल्यावर हातभर खालची कळी काही तासांतच हलायला कशी लागते? तिच्यापर्यंत ऑक्सिन घटल्याची बातमी पोचलेलीच नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गटाने २०१४ मध्ये याचं उत्तर वाटाण्यावर दिलं: पहिली हालचाल साखर करते. शेंडा आणि कोवळी पानं साखर ओढत असतात. ते गेले की मोकळी झालेली साखर ऑक्सिनपेक्षा कितीतरी वेगाने खाली पोचते आणि कळी जागी होते. ती पुढे टिकून वाढायला मग ऑक्सिन कमी झालेलं लागतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला बागायतदाराच्या सगळ्यात कामाचा शोध हा, कारण तो पुन्हा कोवळ्या पानांवरच येऊन थांबतो. द्राक्षाचं पान पूर्ण आकाराच्या साधारण एक तृतीयांश होईपर्यंत फक्त खातं. त्यानंतर हळूहळू साखर बाहेर द्यायला लागतं. म्हणजे ज्या वयात पान सर्वांत जास्त ऑक्सिन बनवतं, त्याच वयात ते सर्वांत जास्त खातंही.

आता प्रश्नातल्या त्या दोन बागांकडे येऊ. पहिला फक्त टोक चिमटतो. चिमट उथळ बसली, म्हणजे वरचं एक मिटलेलं पान तेवढं गेलं आणि आतला मिटलेल्या पानांचा गड्डा राहिला, तर काहीच झालं नाही. फूट दोन-तीन दिवस थबकते आणि पुन्हा चालू लागते. चिमट नीट बसली, घुमट आणि मिटलेली पानं दोन्ही गेली, तर ऑक्सिनचा मोठा उगम गेला, पण त्याखालची अर्धी उलगडलेली दोन पानं थोडंफार ऑक्सिन पाठवत राहतात. त्यामुळे सहसा सर्वांत वरच्या एक-दोन बगला फुटतात, आणि त्याही सावकाश. दुसरा दोन-तीन पानांसकट मोडतो. उगम पूर्ण गेला, खाणारी सगळी पानं गेली, मुळांकडून येणारं सायटोकायनिन आणि पाणी मात्र तेवढंच. मग तीन-चार बगला एकदम आणि जोरात फुटतात. त्यांचा प्रत्येकीचा पुन्हा नवा शेंडा, म्हणजे पुन्हा नवे उगम, आणि आठ-दहा दिवसांत मजूर बगलफुटी काढायला हवेत.

सबकेन, म्हणजे शेंडा मारून बगलफुटीपासून काडी, करायची असेल तर माझा सल्ला पहिल्या पद्धतीचा: सातव्या-आठव्या पानाच्या सुमारास, शेंडा अजून मऊ असताना, मिटलेला गड्डा पूर्ण निघेल एवढाच मारा. उशीर झाला की नाइलाजाने खोल जावं लागतं, आणि मग आपण नुकतीच कमावती झालेली पानं फेकून देतो. त्या पानांवर आधीच झालेला खर्च वाया जातो तो वेगळाच.

तुरीचं उलट आहे. साधारण दीड महिन्याच्या तुरीचा शेंडा खुडताना आपल्याला फांद्या जास्तच हव्या असतात, म्हणून वरचा कोवळा भाग, न उलगडलेल्या पानांसकट, मोकळ्या हाताने खुडला तरी चालतो. तिथे जमिनीत ओल हवी एवढंच.

एप्रिल छाटणीनंतरच्या घडनिर्मितीत या सगळ्याला आणखी महत्त्व येतं. साधारण दुसऱ्या महिन्यात मुख्य डोळ्याच्या आत एक अनिश्चित अंकुर बनतो, ज्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही. सायटोकायनिनचं पारडं जड झालं तर घड, जीएचं जड झालं तर बाळी. श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी १९७८ मध्ये वेगळ्या केलेल्या बाळ्यांपासून सायटोकायनिन देऊन घड तयार करून दाखवले होते. म्हणून त्या दिवसांत फूट पळत असेल, पाणी-नत्र भरपूर असेल, ढगाळ हवा असेल, तर वरची कोवळी पानं जीए बनवत राहतात आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यातून गोळीघड (नीट न वाढलेला, आकसलेला घड) किंवा नुसती बाळी निघते.

पूर्वी यावर सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, सर्रास वापरलं जायचं. ते जीए बनण्याच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवर घाव घालतं, म्हणून पानं गडद आणि पेरं आखूड होतात. कोकणात आंब्याला देतात ते पॅक्लोब्युट्राझोल त्याच साखळीत थोडं पुढे अडवतं. मुळांनी घेतल्यावर पाण्याच्या वाहिन्यांतून ते वरच्या वाढत्या टोकांपर्यंत जातं, त्यामुळे ते फवारत नाहीत, बुंध्याभोवती जमिनीत देतात. द्राक्षात मात्र २०१० साली युरोपला गेलेल्या मालात सीसीसीचे अंश सापडले आणि निर्यातदारांना जबर फटका बसला. निर्यातीच्या बागेत ते नाव काढायचं नाही, हे तेव्हापासून सगळ्यांना कळलं. आता पाणी-नत्र आवरणं, विरळणी आणि वेळेवर शेंडा मारणं हीच हत्यारं उरली आहेत. शेंडा मारणं ही यातली सगळ्यात थेट गोष्ट: जीए जिथे बनतं ती पानंच आपण हाताने काढतो, आणि डोळ्याकडे जाणारी साखर वाढते. आणि मालात रसायनाचा उर्वरित अंश शून्य.

फवारणीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. बाहेरून दिलेलं जीए वेलीत फारसं फिरत नाही. जिथे पडतं तिथेच मुख्यतः काम करतं. म्हणून मण्यांच्या आकारासाठी घड बुडवतात, आणि पोपटी अवस्थेत, म्हणजे घड अजून कोवळे आणि पोपटी असताना, देठ लांबवण्यासाठी दिलेली दहा पीपीएमची फवारणी घडांवर नीट पोचली नाही तर वाया जाते. ‘पानांवर मारलं, घडाला मिळेल’ हा हिशेब चालत नाही. बिनबियांच्या जातींना हे सगळं लागतं कारण बियाळ जातीत मण्यातलं वाढतं बी स्वतःच जीए आणि ऑक्सिन पुरवत असतं. थॉमसन या बिनबियांच्या जातीत बी अर्ध्यातच जिरतं आणि ती जागा रिकामी राहते.

तुमच्या बागेत फरक तपासायचाच असेल तर एकाच ओळीतल्या, एकाच जोमाच्या वेली घ्या. काहींवर नुसता मिटलेला गड्डा मारा, काहींवर दोन पानांसकट मोडा, काही तशाच सोडा, आणि फुटींना वेगवेगळ्या रंगाची सुतळी बांधा. शेंडा एकाच दिवशी आणि शक्यतो सकाळी मारा. आठव्या-दहाव्या दिवशी कोणत्या क्रमांकाच्या पानाच्या बगलेतून फूट आली आणि ती किती लांब झाली एवढंच वहीत लिहा. बगलफूट दोन-तीन पानांची झाली की तिचाही शेंडा मारावा लागेल. तोवर थांबलात तर मोजणीही होते आणि सबकेनसाठी कुठली ठेवायची हेही ठरवता येतं.